मिररवाल्या साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय मिररवाले साहेब,
सर्व्हर व स्टोरेजचे नामांकित विक्रेते, सल्लागार आणि निश्चिंतीचे घाऊक व्यापारी,
मुक्काम नाशिक.

विषय : आपल्या उपकारांची जाहीर पोच आणि एक नम्र विनंती.

महोदय,



आपला मोबाइल अलीकडे सतत व्यस्त असतो. मोठ्या माणसांना वारंवार फोन करून त्रास देणं बरं नव्हे, म्हणून हे पत्र. तेही उघडं, कारण आपल्या कृपेचा लाभ एकट्या आमच्या पतसंस्थेला झालेला नाही. सातपूर-अंबडचे कारखाने, दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउसं, पिंपळगाव-लासलगावचे कांद्याचे व्यापारी, गंगापूर रोडवरचे दवाखाने, अशा कितीतरी ठिकाणी आपल्यासारख्यांनी बसवलेल्या पेट्यांचे हिरवे दिवे लुकलुकत आहेत. त्या सगळ्यांच्या वतीने आभार मानायचे, तर ते चारचौघांत मानलेले बरे.

पहिले आभार आपल्या त्या एका वाक्याचे. संचालक मंडळाच्या सभेत आपण उभे राहिलात आणि म्हणालात, "दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर. मिरर आहे म्हटल्यावर बॅकअपची चिंता सोडा." काय सुटसुटीत वाक्य! आमच्या संचालकांत कोणी बागायतदार, कोणी निवृत्त मुख्याध्यापक, कोणी कापड दुकानदार. सगळ्यांना ते एका दमात पटलं. बॅकअपसाठी मागितलेली रक्कम त्याच सभेत अंदाजपत्रकातून निघाली. संस्थेचा एवढा खर्च वाचवल्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

आपल्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही लिहिते की मिरर खोटा नाही. आमच्याकडे एका डिस्कने मान टाकली तेव्हा काउंटरवर कोणाला पत्ताही लागला नाही. व्यवहार चालू राहिले, मागच्या मागे डिस्क बदलली गेली. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्क एकत्र बांधून भरवशाची साठवण कशी उभी करायची यावर निबंध मांडला, त्यात मिररला पहिली पातळी म्हटलं. आपण कोटेशनमध्ये 'रेड वन' लिहिता ते तेच. एखादी डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढंच त्याचं वचन, आणि ते त्याने पाळलं. त्या वचनाला 'बॅकअपची चिंता सोडा' ही जोड मात्र सर्वस्वी आपली.

त्याच्याही आधी, १९८५ साली, टँडेम या कंपनीत काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी ग्राहकांच्या यंत्रणा कशामुळे बंद पडतात याचा हिशेब मांडला होता. टँडेमची यंत्रं म्हणजे सगळं दुहेरी, डिस्कसुद्धा मिरर केलेल्या. त्या हिशेबात हार्डवेअरचा वाटा निघाला १८ टक्के, सॉफ्टवेअरचा २५ आणि माणसांच्या हाताळणीचा, देखभालीचा, कारभाराचा ४२ टक्के. आपण आम्हाला त्या १८ टक्क्यांतल्या एका कोपऱ्यावर पक्कं छप्पर घालून दिलंत. बाकी अंगण उघडं आहे हे सांगून आमची झोप उडवायची नाही, ही आपली केवढी माया!

त्या ४२ टक्क्यांनी आम्हाला गाठलं ते एका संध्याकाळी. सॉफ्टवेअर कंपनीचा एक मुलगा, दिवसभर दोन शाखा करून आलेला, चाचणीच्या डेटाबेसवर चालवायची स्क्रिप्ट खऱ्या डेटाबेसवर चालवून बसला. चालू वर्षाच्या व्यवहारांचा तक्ता रिकामा झाला. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो आणि माझा त्याच्यावर राग नाही. दोन्ही खिडक्या एकाच रंगाच्या आणि एकाच नावाच्या ठेवल्या की असं कुणाच्याही हातून होतं.

आपला मिरर त्या संध्याकाळी फार कर्तव्यदक्ष निघाला, साहेब. एका डिस्कवर पुसलं ते त्याच क्षणी दुसरीवर पुसलं. अगदी आपण सभेत सांगितलं होतं तसंच, अक्षरही कमीजास्त नाही. मिररला चूक आणि बरोबर कळत नाही, त्याला फक्त ठोकळे कळतात. वरून आलेला ठोकळा दोन्हीकडे लिहायचा. तो ठेवीचा आहे, व्हायरसचा आहे की पुसण्याचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आपण मात्र शांत होतात. "रात्रीची प्रत आहे ना!" असं आपण हसून म्हणालात, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. रोज रात्री मिरर तोडायचा, सुटी झालेली बाजू बाहेरच्या डिस्कवर उतरवायची आणि मग मिरर पुन्हा जोडायचा, ही युक्ती आपण बसवून दिली होती. युक्ती मुळात चांगली आहे. मोठमोठ्या बँका अशाच पद्धतीने प्रती घेतात. फक्त त्या घेताना डेटाबेसला तसं सांगतात.

आमची लॉगची डिस्क वेगळी आणि डेटाची वेगळी, दोन्हींना आपापला मिरर. आपल्या स्क्रिप्टने आधी लॉगचा मिरर तोडला, त्याची प्रत घेतली, आणि ते सावकाश आटोपल्यावर डेटाचा तोडला. मधल्या वेळात डेटाबेस जागाच होता. पिग्मी एजंटांच्या मशिनमधली वसुली चढत होती, व्याजाची रात्रीची बॅच चालू होती. म्हणजे आपल्या प्रतीतला लॉग एका वेळेचा आणि डेटा त्यानंतरच्या वेळेचा.

हे पत्र वाचणाऱ्या संचालकांसाठी सांगते, कारण जुन्या वहीखात्यात वाढलेल्या माणसाला हे चटकन समजेल. लॉग म्हणजे रोजकीर्द आणि डेटा म्हणजे खतावणी. व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरायचा आणि मग सवडीने खतावणीत जायचा. डेटाबेसही कडक शिस्तीने तेच करतो : आधी लॉग, मग डेटा. मधेच वीज गेली तर उठल्यावर तो लॉग वाचतो, खतावणीत राहून गेलेलं चढवतो आणि अर्धवट राहिलेलं मागे घेतो. सी. मोहन यांनी आयबीएममधल्या सहकाऱ्यांबरोबर १९९२ साली 'एरीज' नावाने या सावरण्याची जी रीत मांडली, तिच्या वळणावर आजचे कितीतरी डेटाबेस चालतात. आपण आमच्या हाती दिलीत ती दुपारी मिटलेली रोजकीर्द आणि संध्याकाळपर्यंत लिहिलेली खतावणी. खतावणीत अशा नोंदी, ज्यांचा रोजकीर्दीत मागमूस नाही. कोणती पुरी झाली, कोणती अर्धी, कोणती मागे घ्यायची, सांगणारं कोणी उरलंच नाही.

डेटाबेस उघडला नाही. त्याला हवा होता तो लॉग त्या प्रतीत नव्हता.

आदल्या रात्रीची प्रत लावली, तिची गतही तीच. त्याआधीची लावली. सगळ्या एकाच साच्यातून निघालेल्या, तेव्हा दुखणंही एकच. एक प्रत तर आपल्या माणसाने दटावून, तपासण्या बंद करून, जबरदस्तीने उघडली, आणि ती उघडली हेच अधिक वाईट झालं. पडद्यावर खाती दिसू लागली, नावं दिसू लागली, शिल्लक दिसू लागली. आपण टाळी वाजवलीत. तेरीज काढली तेव्हा दोन्ही बाजू जुळेनात. मेलेला डेटाबेस निदान मेला आहे हे सांगतो. हा जिवंत दिसत होता आणि प्रत्येक आकडा संशयित होता. त्या प्रतीवरून काउंटर चालू करा, असा आग्रह धरण्याइतकं धैर्य आपण दाखवलंत, त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात आहे. आमच्या हिशेबनिसांनी नकार दिला म्हणून संस्था वाचली.

अजूनही एक गोष्ट आपण आम्हाला सांगितली नाहीत, बहुधा आमच्या प्रकृतीच्या काळजीने. बदललेली पानं, म्हणजे डेटाचे ठरावीक मापाचे ठोकळे, डेटाबेस काही काळ मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर लिहितो. मेमरीत काय चाललं आहे ते मिररला दिसत नाही. शिवाय डेटाबेसचं पान ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये सहसा ८ केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीत १६ केबीचं. डिस्क लिहिते त्याहून लहान तुकड्यांत. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलायला गेलं, तर एकाच पानाचा वरचा अर्धा भाग नवा आणि खालचा जुना, असं फाटलेलं पान हाती येऊ शकतं. कॉपी पूर्ण होते, फाइलचा आकार बरोबर असतो, हिरवी टिक येते, आणि आत पान फाटलेलं असतं.

याला उपाय आहे आणि तो महागडा नाही, म्हणून जीव जास्त जळतो. मिरर तोडण्याआधी ओरॅकलला 'बिगिन बॅकअप' सांगायचं. मग बॅकअप चालू असताना एखाद्या ठोकळ्यात पहिला बदल झाला की तो पूर्ण ठोकळाच लॉगमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे फाटलेलं पान पुढे सांधता येतं. पोस्टग्रेसला बॅकअप सुरू झाल्याचं आणि संपल्याचं कळवायला त्याची स्वतःची फंक्शनं आहेत. मायएसक्यूएलमध्ये तक्ते 'फ्लश' करून वाचनापुरते कुलूपबंद करता येतात. विंडोजवरच्या एसक्यूएल सर्व्हरसाठी शॅडो कॉपीची सोय आहेच. ओरॅकलमध्ये डेटाचा मिरर तुटला की 'एंड बॅकअप' सांगायचं, चालू लॉग आर्काइव्हला पाठवायचा आणि तोवरचे सगळे आर्काइव्ह लॉग, म्हणजे भरून झालेल्या रोजकीर्दींच्या जपलेल्या प्रती, उचलायचे. लॉग शेवटी, हा क्रम लक्षात ठेवायचा. आपण तो उलटा लावलात.

हेही जमत नसेल, तर निदान डेटा आणि लॉगच्या सगळ्या डिस्क एकाच गटात बांधून एकाच क्षणी तोडायच्या. चांगल्या स्टोरेजमध्ये ही सोय असते, तिला कन्सिस्टन्सी ग्रुप म्हणतात. तशी प्रत म्हणजे अचानक वीज गेली त्या क्षणाची अवस्था, आणि तिथून उठायला डेटाबेस शिकलेला असतो. हे मी तडजोड म्हणून मान्य करते, कारण त्यात निदान रोजकीर्द आणि खतावणी एका वेळेची असते. पण तेवढ्याने त्या क्षणापर्यंतच परतता येतं. संध्याकाळी पावणेसहाला स्क्रिप्ट चालली आणि आपल्याला पाच चव्वेचाळीसची अवस्था हवी आहे, तर आदल्या रात्रीची धड प्रत आणि मधले सगळे आर्काइव्ह लॉग हवेत.

आर्काइव्ह लॉग हा शब्द आला, तर त्याचेही आभार उरकते. ते आमच्याकडे चालू होते. "जागा फार खातात, आणि मिरर आहे तर हवेत कशाला?" असं म्हणून आपण ते बंद केलेत. मी लेखी हरकत घेतली होती. आपण त्यावर "मॅडम फार घाबरतात" असा शेरा मारलात. तो कागद मी जपून ठेवला आहे. आमच्या संस्थेत कागदाचं काय मोल आहे, ते पुढे येईल.

आणखी एक उपकार तर कोणाच्या ध्यानातही आला नव्हता. रोज रात्री मिरर तोडलात की पुन्हा जोडून पूर्ण सारखा होईपर्यंत आमचा सगळा व्यवहार एका डिस्कवर उभा असायचा, आणि नेमका तेव्हाच तिच्यावर कॉपीचा, बॅचचा आणि पुन्हा जोडणीचा तिहेरी भार. तिसरी बाजू ठेवून ती तोडली असती तर मूळ जोडी शाबूत राहिली असती. पण त्यात आणखी डिस्कचा खर्च होता, आणि आपण आमचे पैसे वाचवायला निघाला होतात.

आपल्याला विचारलं तर आपण म्हणालात, "डेटाबेस हा आमचा विषय नाही, आम्ही स्टोरेजवाले." सॉफ्टवेअर कंपनीला विचारलं तर ते म्हणाले, "डिस्कचं आम्हाला विचारू नका." दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. दोघांची बिलंही वेळेवर. डेटा राहतो तो नेमका या दोन विषयांच्या मधल्या फटीत, आणि त्या फटीचा कंत्राटदार कोणी नसतो. माझी खरी तक्रार इथे आहे, साहेब. आपल्याला डेटाबेस येत नाही हा दोष नव्हे. येत नसताना आपण त्याच्या सुरक्षिततेची हमी दिलीत, हा आहे.

आता त्या दिवसांविषयी. काउंटरवर पाटी लागली : 'तांत्रिक कारणामुळे व्यवहार बंद'. पहिल्या सकाळी लोक समजुतीने परत गेले. दुसऱ्या सकाळी गेले नाहीत. पतसंस्थेच्या दारात अफवा पसरायला वेळ लागत नाही. संस्था बुडाली, इथवर गोष्ट भाजी बाजारात पोहोचली होती. मुलीच्या लग्नासाठी आवर्ती ठेव ठेवलेली एक बाई पायरीवर बसून होती, काही बोलत नव्हती. शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्या एका आजोबांनी मला विचारलं, "कंप्युटरमधून पैसे जातात कसे गं? आम्ही तर तुझ्या हातात दिले होते." आपण त्या वेळी तिथे असायला हवं होतं. आपलं ते सुटसुटीत वाक्य त्यांना ऐकवायला.

वाचवलं कोणी? पासबुकांनी. माणसं आपापली पासबुकं घेऊन आली, पिशवीत, रुमालात, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. पिग्मी एजंटांकडे वसुलीच्या पावत्यांच्या स्थळप्रती होत्या. तिजोरीच्या खोलीत व्हाउचरांचे गठ्ठे दोऱ्याने बांधून तारखेवार लावलेले होते. आमच्या हिशेबनिसांनी, शिपायांनी आणि शेजारच्या कॉलेजातल्या वाणिज्य शाखेच्या मुलांनी ते सगळं पुन्हा भरलं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. पासबुक व्हाउचरशी ताडायचं, व्हाउचर पावतीशी. ज्याला आपण जुनाट म्हणून हसलात त्या कागदाने संस्थेची पत राखली. त्या मुलांना आणि त्या एजंटांना मी इथे मनापासून नमस्कार करते. या एका वाक्यात उपरोध नाही.

आपण म्हणाल, लहान संस्थेत असं व्हायचंच, मोठ्या ठिकाणी मिरर उत्तम चालतो. म्हणून मुंबईचं उदाहरण देते. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला. मुख्य केंद्रातला डेटा जवळच्या दुसऱ्या केंद्रात सतत उतरत राहावा, कणभरही हरवू नये, अशी त्यांची स्टोरेजची रचना होती. दोन केंद्रांना जोडणाऱ्या टेलिकॉम वाहिन्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. त्या अस्थिर झाल्या, आणि बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशानुसार त्याचं मुख्य कारण वाटेतलं रस्त्याचं खोदकाम आणि बांधकाम हे होतं. तिकडची जोडणी गेली तरी इकडचं काम चालू राहायला हवं होतं. झालं भलतंच : मुख्य केंद्रातलं स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासं झालं आणि जोखमीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसली. बाजार पुन्हा उघडला तो दुपारी पावणेचारला, आणि पाचपर्यंत चालवावा लागला. सुरक्षेसाठी बांधलेला धागाच पायात अडकला.

पण त्यापुढचं पाहा. २२ मार्च २०२१ रोजी सेबीने बाजारसंस्थांना नियम घालून दिले : महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा, त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करा, आणि हरवलेला डेटा पंधरा मिनिटांपलीकडचा नसावा. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजारांनी विशेष सत्रं भरवून, खरेखुरे सौदे चालू असताना मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर जाऊन दाखवलं. 'आमच्याकडे आहे' असं सांगून ते थांबले नाहीत. ते वापरून दाखवलं, तेही सगळ्या देशासमोर.

परदेशातलंही एक सांगते, कारण आपल्याला परदेशी ब्रँडचा ओढा आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची फाइल-पेटी पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं. बॅकअप आणि प्रतींचे पाच मार्ग होते, ऐनवेळी एकही धड चालला नाही. एकाने सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. मला त्या कंपनीचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. त्यांनी काय झालं, का झालं, काय गेलं, हे सगळं जगाला उघड सांगितलं. आपण आम्हाला आमच्याच सर्व्हरचा लॉग द्यायला 'धोरणात बसत नाही' म्हणालात. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिनिधीचं गूगल क्लाउडवरचं काम एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं, आणि प्रत दोन वेगळ्या ठिकाणी असूनही दोन्हीकडून गेलं. तेव्हा हाताशी आले ते वेगळे ठेवलेले बॅकअप.

ठिकाणावरून आठवलं. आपण बसवलेल्या सगळ्या डिस्क एकाच पेटीत आहेत, पेटी तळमजल्यावर आहे, आणि तळमजला गोदाकाठापासून हाकेच्या अंतरावर आहे. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी लागलं यावर नाशिककर पूर मोजतात, हे आपल्याला सांगायला नको. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी काय चढलं होतं, तेही आपण पाहिलं असेल. बाहेरची डिस्क तरी दुसरीकडे ठेवूया, असं मी म्हटलं तेव्हा आपण ती त्याच पेटीच्या माथ्यावर ठेवायला सांगितलीत, वायर आखूड पडते म्हणून.

शेवटचे आभार त्या रोजच्या ईमेलचे. दररोज पहाटे 'बॅकअप यशस्वी' असा निरोप आपल्या यंत्रणेकडून यायचा. सुटीच्या दिवशीही चुकला नाही. कॉपी झाली एवढंच त्या निरोपाला ठाऊक होतं. कॉपी झालेलं उघडतं का, उघडलं तर तेरीज जुळते का, हे त्याने कधी पाहिलं नाही, आणि वार्षिक देखभालीच्या करारात ते पाहण्याचं कलमही आपण ठेवलं नव्हतं. ज्या दिवशी सगळं गेलं, त्या दिवशीच्या पहाटेही तो निरोप आला होता.

आता विनंती. दुसऱ्या संस्थेत जाल, तेव्हा मिरर जरूर विका. तो हवाच. डिस्क मरतात, आणि भर कामात मेल्या तर काम चालू राहायला हवं. फक्त तेच वाक्य पुन्हा उच्चारू नका. मिरर तोडून प्रत घेणार असाल तर आधी तिथल्या डेटाबेसवाल्याला शोधा, त्याच्या शेजारी बसा, त्याच्या डेटाबेसला काय सांगावं लागतं ते स्क्रिप्टमध्ये घाला आणि दोघांच्या सह्या घ्या. त्या स्क्रिप्टवर दोघांचीही जबाबदारी राहू द्या. एवढं केलंत तर पुढचं आभारपत्र मी खरोखर आभाराचं लिहीन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली नम्र,
नाशिकच्या एका पतसंस्थेत डेटाबेस सांभाळणारी

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या संचालकांना, दवाखान्यांच्या, पॅकहाउसांच्या आणि गाळ्यांच्या मालकांना. पुढच्या बैठकीत "बॅकअप आहे ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. मागच्या महिन्यातली कुठलीही एक तारीख आणि वेळ सांगा, आणि त्या वेळेचा डेटा तुमच्या समोर, वेगळ्या मशीनवर, नेहमीच्या सर्व्हरला हात न लावता उघडून मागा. उघडला की तेरीज काढायला लावा आणि त्या दिवशीच्या छापील कागदाशी ताडा. दर तिमाहीला हे करा. आकडे जुळेपर्यंत देखभालीच्या बिलावर सही करू नका.